एक कवाड बंद

आमच्या दुकानाला मालक नाही. हे ऐकलं की बाहेरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "मग चालतं कसं?" मी सांगते, चालतं कुठे, ढकलावं लागतं. आज एका घरानं ढकलायचं, उद्या दुसऱ्यानं. ज्या घराची पाळी, त्या घरातलं एक माणूस गल्ल्यावर बसतं आणि त्या दिवसापुरता शब्द त्याचाच. मग तो सुतार असो, नर्सबाई असो, नाही तर माझ्यासारखी शिंपीण असो. मीठ, साबण, काडेपेट्या, खिळे, दोरा, पीठ, साखर, बिस्किटं, डोकेदुखीच्या गोळ्या, एवढं सगळं त्या एका खोलीत आहे. आणि मुख्य म्हणजे दोन लांब बाकं आहेत. खरं दुकान ती बाकंच. काडेपेटी घ्यायला आलेला माणूस तासाभरानं काडेपेटी न घेताच घरी जातो, आणि बायको त्याला परत पाठवते, तेव्हा तो मनातून खूश असतो.

माझं शिवणयंत्र दुकानातच खिडकीखाली आहे. लोक म्हणतात माझ्या घरात उजेड कमी आहे म्हणून. उजेड कमी आहेच, पण बातम्या त्याहून कमी आहेत.

हे दुकान उभं केलं ताईनं. ती सगळ्या गावाची ताई, सख्खी फक्त एकीची. पूर्वी इथे एक व्यापारी होता. त्याची मुलं शहरात गेली, मग तोही गेला, जाताना दाराला कुलूप लावून गेला. त्यानंतर मीठ संपलं तरी बसनं मोठ्या गावाला जावं लागायचं. पण ताईचं दुखणं मिठाचं नव्हतं. ती दारोदार फिरून म्हणायची, "अहो, आपण एकमेकांना भेटायचं कुठे? मयताला?" तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि पायांतही दम होता. महिनाभर ती फिरली आणि तिनं सगळ्यांना कामाला लावलं. सुतारानं जुनं दार काढून नवं केलं, दोन कवाडांचं, जाड फळ्यांचं. अजून ते दार कुरकुरत नाही. सुतार हे आल्यागेल्याला सांगतो, आणि आम्हीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतो.

त्या दाराची एक रीत पडली आहे, ती सांगायला हवी. दुकान उघडल्यावर पहिल्याच थंडीत गावातला एक म्हातारा गेला. त्या दिवशी पाळी ताईची होती. दुकान बंद ठेवावं तर कुणाच्या तान्ह्याला दूध पावडर हवी, कुणाला गोळ्या हव्यात. उघडं ठेवावं तर मेलेल्याचा मान राहत नाही. ताईनं एक कवाड लावलं आणि एक उघडं ठेवलं. माल द्यायचा, पण बोलायचं नाही, बाकावर बसायचं नाही, माझं यंत्र चालवायचं नाही. त्या दिवसापासून तेच चालत आलं आहे. एक कवाड बंद दिसलं की रस्त्यावरचा माणूस थांबतो, आत येऊन कोण गेलं एवढं हळूच विचारतो आणि हातातलं काम टाकून त्या घराकडे चालायला लागतो. त्या दारानं आम्हाला कधी फसवलं नाही. भांडणात आम्ही एकमेकांना खोटारडे म्हणतो, पण कवाडावर कुणी कधी शंका घेतलेली नाही.

आता ताईचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं.

धाकटीचा नवरा त्या जुन्या व्यापाऱ्याकडे माल तोलायला होता. सगळे त्याला मापाडी म्हणायचे. दुकान सुरू झालं तेव्हा दुकानदारी कशाशी खातात हे ठाऊक असलेला गावात तो एकटाच. आमच्यापैकी कुणाला पोत्याचं तोंड नीट उघडता येत नव्हतं. पाळी कुणाचीही असो, तोलायला उभा तोच. त्याचं बोलणं थोडं आणि हात चपळ. पुडीला दोरा असा बांधायचा की पोरं घरी नेईपर्यंत सुटायची नाही, आणि घरी एका झटक्यात सुटायची.

एके दिवशी ताईनं तराजू घासायला घेतला आणि तिला मालाच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला सापडला. सुपारीपेक्षाही लहान. म्हणजे प्रत्येक तोलामागे गिऱ्हाईकाला चिमूटभर माल कमी. काटा मारणं म्हणतात ते हेच.

तेव्हा दुकान माणसांनी भरलं होतं. ताईनं तो गोळा उचलला आणि दाराच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना दाखवला. "बघा," ती म्हणाली, "माझ्याच बहिणीचा नवरा. सगळ्यांचं दुकान आणि सगळ्यांच्याच घरात चोरी." मापाड्यानं एक शब्द काढला नाही. हात पुसले, खाली मान घातली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेला. मागून कुणी तरी खवट बोललं, कुणी हसलं. मी हसले नाही, पण मी "थांब रे" असंही म्हटलं नाही. आमच्यातलं कुणीच म्हटलं नाही.

तो पुन्हा दुकानात आला नाही. मोठ्या शहरात एका दुकानात नाही गेलं तर माणूस दुसऱ्यात जातो. इथे दुसरं कुठे जाणार? इथे दुकानात न येणारा माणूस कुणाला दिसतच नाही. पेरणीचं बोलणं त्याच्याशिवाय, आजारपणाचं त्याच्याशिवाय, पोरांची लग्नं जमतात तीही त्याच्याशिवाय. तो अंगणात बसून राहायचा. पाच-सहा वर्षं तसा बसला आणि मग वारला.

त्या दिवशी पाळी पोस्टमनची होती. त्यानं रीतीप्रमाणे एक कवाड लावलं. थोड्या वेळानं धाकटी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पायरी चढली आणि दोन्ही हातांनी ते कवाड खेचून सताड उघडलं. "त्याच्यासाठी तुम्ही हे दार कधीच लावून घेतलंत," ती म्हणाली. "आता पुन्हा काय लावता?" ताई पुढे झाली, तिचा हात धरायला. धाकटीनं हात झटकला. "तू मेलीस की येईन तुझ्या दारात. त्याच्याआधी नाही." आणि गेली.

आमच्याकडे रागात असं पुष्कळ बोललं जातं. तुझं तोंड बघणार नाही म्हणणारा दुसऱ्या दिवशी साखर मागायला येतो. पण धाकटी बोलली ते बोलली. मीठसुद्धा ती बसनं जाऊन मोठ्या गावातून आणायची. दोघी सख्ख्या बहिणी, एका आईच्या, एका ताटात जेवलेल्या, आणि मधे फक्त एक उतार आणि एक नळ. ताई दोनदा तिच्या दारात जाऊन उभी राहिली. आतून कडी निघाली नाही.

मग ताईनं अंथरूण धरलं. पोटात काही तरी वाढत होतं. शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. नर्सबाई रोज येऊन सुई टोचायची आणि बाहेर आली की आमच्या कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही, त्यावरून आम्ही काय ते ओळखायचो.

एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा ताई म्हणाली, "शिंपिणी, तो चोर नव्हता गं."

"कोण?"

"मापाडी." तिला धाप लागायची, म्हणून ती तुकड्यातुकड्यानं बोलत होती. "तो गेल्यानंतर माल पुरेना. पोतं संपायचं आणि बघावं तर जेवढं विकलं त्याहून जास्त गेलेलं असायचं. आधी मला वाटलं उंदीर. मग मी बाजूला बसून बघितलं. आपण सगळे तोलतो कसे? शेजारीण आली की वर एक मूठ. पोर आलं की त्याच्या हातावर चिमूटभर साखर. म्हातारं आलं की पारडं खाली टेकेपर्यंत. सगळ्यांचे हात सैल. तो होता तेव्हा मात्र पोतं बरोबर संपायचं. तू त्याच्या घरी कधी दुकानातलं काही बघितलंस? मी बघितलं नाही. आपण मुठीमुठीनं दुकान उधळत होतो आणि तो चिमटीचिमटीनं गोळा करत होता. दुकान टिकवायला त्याला तेवढंच शिकवलेलं होतं."

मी विचारलं, "हे तुला कळलं कधी?"

ताईनं डोळे मिटले. "तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी. दुकानातून गेला म्हणते मी. जिवंत होता."

"आणि तू बोलली नाहीस?"

"आज जाते, उद्या जाते करत राहिले. चार लोकांत बोललेलं चार लोकांत मागे घ्यायचं तर जीभ वळली नाही. दुसऱ्याला बोलायला किती वळायची, बघितलं आहेस तू." मग माझा हात धरला. तिच्या हाताची काडी झाली होती. "मला हे धाकटीला सांगून जायचं आहे. एवढं कर. तिला आण."

खरं सांगते, मला तिचा राग आला. मरणाऱ्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला. आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की मी उठून थेट उतारावरून धाकटीच्या घरी गेले.

धाकटी भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं नाही, कारण ते सांगणं ताईचं होतं. एवढंच म्हणाले, "ताई जायला टेकली आहे. तुझं नाव घेते. चल."

तिनं पातेलं पालथं घातलं. "टेकली आहे ना? गेली नाही ना?"

"अगं, असं काय बोलतेस!"

"मी शब्द दिलाय. गेली की कवाड लावाल ना तुम्ही? तेव्हा कळेल मला." आणि दुसरं भांडं उचललं. पण राखेचा हात तिनं त्या भांड्याला लावला नाही, नुसतीच धरून बसली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मी धाकटीचं बोलणं सांगितलं आणि मनात आलेलं बोलून टाकलं. कुणी तरी बोलायलाच हवं होतं. "एक कवाड लावू या," मी म्हणाले. "सगळ्या गावाला आधी सांगून ठेवू. फसेल ती एकटी धाकटी."

बाकावरच्या सगळ्यांनी आधी दाराकडे बघितलं.

सुतार भडकला. "जित्या माणसासाठी कवाड? तुझी अक्कल सुईच्या नेढ्यातून गळाली काय? ते दार माझ्या हातचं आहे. आजवर खोटं बोललेलं नाही. उद्या माझी म्हातारी गेली आणि कवाड लावलं, तर लोक म्हणतील, बसा हो, नाटक असेल. कोण येईल माझ्या दारात?"

त्याचं चूक नव्हतं.

"मी जन्मभर पत्रं पोचवली," पोस्टमन हळूच म्हणाला. "त्यात खोटी किती असतील देव जाणे. लोक म्हणून काही माझ्यावरचा विश्वास सोडून बसले नाहीत."

"तू पत्रं लिहिली नव्हतीस," सुतार म्हणाला. "इथे लिहिणार आपण."

नर्सबाई इतका वेळ गोळ्यांच्या फळीशी उभी होती. "काय ते लवकर ठरवा," ती म्हणाली. "आज ती माझ्याशी बोलली. उद्या बोलेल की नाही सांगता येत नाही."

उद्याची पाळी कुणाची, हे पाहायला कुणाला मान वळवावी लागली नाही. उद्याची पाळी सुताराची होती. आणि ज्याची पाळी त्याचा शब्द. ही रीतही ताईनंच घातलेली, आपल्या गावात कुणी कुणाच्या डोक्यावर चढून बसू नये म्हणून. सुतार उठला आणि कुणाकडे न बघता घरी गेला. त्याच्यामागून त्याला समजवायला कुणी गेलं नाही. बाकीचे मात्र त्या संध्याकाळी घराघरांतून फिरले. कवाड लागलं तर घाबरू नका, ताई आहे, आणि धाकटीच्या कानावर जाऊ देऊ नका. आमच्या गावात बातमी एका घरापुरती अडवून ठेवणं म्हणजे पाणी चाळणीत नेणं. पण त्या रात्रीपुरतं ते जमलं, याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी सुतार आला. दोन्ही कवाडं उघडली. गल्ल्यावर बसला. पोस्टमन आला, नर्सबाई येऊन गेली, चार बायका आल्या. कुणी काही विचारलं नाही. सुतारानं एकीला साबण दिला, एकीला पीठ तोलून दिलं. पारडं बरोबरीत आलं तरी तो तराजूकडे बघत राहिला. मग सवयीनं वर एक मूठ टाकली, आणि ती टाकल्यावर त्याचा हात तसाच पारड्यावर राहिला. ती बाई पुडीची वाट बघत उभी.

"त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो," सुतार म्हणाला. "मापाड्याला."

हसणारा तो एकटाच होता असं म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

तो उठला, दाराशी गेला आणि एक कवाड लावलं. मग परत येऊन दाराकडे पाठ करून बसला. "माझी म्हातारी गेली की मी स्वतः घरोघर सांगत फिरेन," तो भिंतीला म्हणाला. "पाय आहेत मला."

आम्ही बसलो. बाकावर बसायचं नसतं, पण उभं राहवत नव्हतं. दुकानाच्या खिडकीतून उतार आणि नळ दिसतो. धाकटी पाण्याला येते तेव्हा तिला वर बघितलं की दार दिसतं. ती आली. कळशी नळाखाली लावली. मग मान वर केली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण कळशी भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही एवढं दिसलं.

मला हाताला काम हवं असतं, नाही तर मी वेडीवाकडी बोलते. यंत्रावर एका पोरीचा झगा लावलेला होता. माझे पाय यंत्राच्या पायडलवर होते आणि ते कधी चालायला लागले हे मला कळलं नाही. यंत्राचा खडखडाट सुरू झाला. सुतारानं गर्रकन वळून माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थिजले. पण उशीर झाला होता. धाकटी रस्त्याच्या वळणापर्यंत आली होती आणि थांबली होती. तिनं ऐकलं होतं.

झालं, मला वाटलं. आता परत फिरेल. एका शिवणीपायी सगळं घालवलं मी.

ती परत फिरली नाही. पदर घट्ट खोचला आणि दुकानावरून पुढे गेली, आत नजरही न टाकता, ताईच्या घराच्या वाटेला लागली. आम्ही थोडं अंतर ठेवून मागे निघालो. आम्ही म्हणजे चार-पाच जण, मग दहा, मग मोजायला मागे बघितलंच नाही. कवाड बंद दिसलं की त्या घराकडे चालायचं हे आमच्या पायांत इतकं भिनलेलं की ज्यांना खरं ठाऊक होतं तेही चालायला लागले. काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. जिच्यासाठी रडत होते ती तिकडे खिडकीशी उशीला टेकून बसलेली होती.

ताईची खोली लहान. एक खाट, औषधांची फळी, भिंतीला टेकवलेली जुनी पेटी. धाकटी उंबऱ्याच्या बाहेर थांबली. ताईनं तिला बघितलं. बोलायला तिला जोर काढावा लागला.

"आलीस?"

"मेली नाहीस तू," धाकटी म्हणाली.

"नाही अजून."

"ठाऊक होतं मला. तू गेली असतीस तर ही शिंपीण यंत्र चालवत बसली असती काय? ओरडून गाव गोळा केलं असतं हिनं."

एवढ्यातही मला लाज वाटायची ती वाटलीच. पण ताईच्या तोंडावर हसू आलं. "मग आलीस कशाला?"

"कवाड बंद होतं." धाकटीचा आवाज कोरडा होता. "गावानं सांगितलं तू मेलीस. मी माझा शब्द पाळला. खोटं बोललं असेल तर गाव बोललं, मी नाही." आणि तिनं उंबरा ओलांडला.

आम्ही अंगणात, दारात, खिडकीशी. जायला हवं होतं, गेलो नाही. ताईनं ते बघितलं. मला वाटतं तिला आम्ही तिथे हवेच होतो. ती उशीवरून उठायला बघत होती. नर्सबाई पुढे झाली, तिनं पाठीला हात दिला.

"ऐका सगळ्यांनी," ताई म्हणाली. आवाज फार बारीक होता, पण माणसं इतकी गप्प होती की तो अंगणापर्यंत पोचला. "मापाडी चोर नव्हता. त्यानं एक दाणा घरी नेला नाही. आपल्या सैल हातांनी जे सांडायचं ते तो भरून काढत होता. आपल्याच घरातून घेऊन आपल्याच पोत्यात टाकत होता. त्याची रीत चुकली असेल. मी पायरीवर उभं राहून त्याला चोर म्हटलं, ते खोटं होतं. आणि खोटं होतं हे मला तो जिवंत असताना कळलं, तरी मी बोलले नाही. धाकटे, तुझी आणि त्याची मी सगळ्यांसमोर..."

पुढचं तिला बोलवेना. तिनं हात जोडायला उचलले. कुणी तरी हुंदका दिला. सुतारानं अंगणात डोकं खाली घातलं होतं.

धाकटी खाटेशी उभी होती. तिनं ते हात जोडू दिले नाहीत, वरच्यावरच धरले. मला वाटलं आता ती रडेल, गळ्यात पडेल. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. आम्हाला बरं वाटायला हवं होतं.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं. तो रोज रात्री मला सांगायचा, दुकान बुडेल म्हणून. हे त्याला सांगायचं होतं, ताई. तो अंगणात बसायचा ना, तोंड रस्त्याकडे करून बसायचा. कुणी तरी येऊन सांगेल म्हणून."

ताईनं तोंड फिरवलं नाही. एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. ती बहिणीकडे बघत राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळू दिलं.

मग धाकटी आमच्याकडे वळली. "ऐकलंत? झालं समाधान? जा आता. त्याला बोलायचं होतं तेव्हा कुणी थांबला नाहीत, आता हिचं ऐकायला कशाला थांबता?" ती मोठ्यानं बोलली नव्हती. नर्सबाईसकट सगळे बाहेर पडलो. बाहेरही कुणाला लगेच घरी जाववेना. कुंपणाशी उभे राहिलो, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता. आतून काही ऐकू आलं नाही.

ताई त्यानंतर काही दिवस जगली. धाकटी तिथेच राहिली. नर्सबाई सुई द्यायला जायची, पण बाहेर आल्यावर काही सांगायची नाही. आम्ही विचारलंही नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून न विचारलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

ताई गेल्यावर तिचं सामान आवरायला मी गेले होते. धाकटी पेटीतली लुगडी घडी करत होती, मी खालून हात लावत होते. शेवटी मला राहवलं नाही. "त्या दिवशी आम्ही गेल्यावर," मी म्हणाले, "तू तिला माफ केलंस का गं?"

धाकटीनं हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तिचे केस सगळे गुंतले होते," ती म्हणाली. "किती दिवस कुणी विंचरले नव्हते. मी वेणी घालायला बसले. ती रडत होती. आणि मला सारखं वाटत होतं, हिच्याऐवजी तो असा माझ्यासमोर असता आणि त्याला हे कुणी सांगत असतं तर. हिचं काही का होईना. खरंच तसं वाटत होतं मला. आणि तरी तिला ओढ बसू नये म्हणून एकेक गुंता बोटांनी सोडवत होते."